मदतीला येतो म्हणाला होतास ना, दादा?

आठ दिवस झाले, मी पुण्याला परत आले, ऑफिसला जायला लागले, तरी राग जात नाही. रात्री पाठ टेकली की तेच सगळं डोळ्यांसमोर येतं. म्हणून आज लिहूनच काढते.

"आम्ही सगळे येतोय शिफ्टिंगला, तू काळजी करू नको." दादा एप्रिलमध्ये फोनवर असं म्हणाला तेव्हा मला खरंच हायसं वाटलं होतं. आई 74 वर्षांची, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. बाबा 79 चे, बीपीच्या गोळ्या चालू, एका डोळ्यानं दिसायचं कमी झालंय. कोल्हापुरात शुक्रवार पेठेतलं 40 वर्षांचं घर रिकामं करायचं आणि राजारामपुरीत दुसऱ्या मजल्यावरच्या छोट्या फ्लॅटमध्ये जायचं. माझ्या एकटीच्यानं होणारं काम नव्हतंच ते.

आणि हौस म्हणून कोणी घर सोडत नव्हतं. ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगेचं पाणी घरात आलं. 2021 च्या जुलैत परत आलं. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे इशारा आणि 43 फूट म्हणजे धोका, हे आकडे आमच्या घरात पाढ्यांसारखे पाठ आहेत. पावसाळा लागला की बाबा रात्री तीन-तीनदा उठून मोबाईलवर पाणी किती चढलं ते बघतात. राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले अशी बातमी आली की आई धान्याचे डबे माळ्यावर चढवायला घेते, त्या गुडघ्यांनी. म्हणून ठरवलं, मृग लागायच्या आत हलायचं.

दादा बेंगळुरूहून आला. तो, वहिनी, दोन मुलं. आणि सोबत वहिनीची बहीण, तिचा नवरा, त्यांची दोन मुलं. दोन गाड्या, आठ माणसं. "त्यांना कोल्हापूर बघायचंच होतं गं, म्हटलं एकात एक होऊन जाईल." एकात एक! 40 वर्षांचा संसार उचलायचाय, आई प्रत्येक भांड्यापाशी थबकतेय, बाबा कपाटाचा एकेक खण उघडून नुसते बसून राहतायत, आणि यात तू सहल बसवतोस?

पहिल्या दिवशी अंबाबाईचं दर्शन. ठीक आहे, आलेल्या माणसानं देवीला जायलाच हवं, मी एक शब्द बोलले नाही. संध्याकाळी रंकाळा. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पन्हाळा आणि येताना जोतिबा, रात्री नऊला परत. तिसऱ्या दिवशी खिद्रापूर, कारण वहिनीच्या बहिणीला कोपेश्वराचा स्वर्गमंडप बघायचा होता, आणि मग तिकडूनच नरसोबाची वाडी. चौथ्या दिवशी न्यू पॅलेस, महाद्वार रोडला चपला, साज, खरेदी.

पन्हाळा वीस किलोमीटरवर आहे. तीन दरवाजा, सज्जा कोठी, अंधारबाव शेकडो वर्षं तिथंच उभी आहेत. डिसेंबरात या, थंडीत बघा, जीव भरून बघा. मला पन्हाळ्याचा राग नाही, लहानपणी शाळेची सहल तिथंच जायची. पण आईबाबांना त्या घरातून बाहेर काढायला आपल्याकडे सहाच दिवस होते. ते सहा दिवस परत येणार नाहीत.

आणि ही माणसं बाहेर गेली तरी घरातलं काम कमी होत नव्हतं, वाढत होतं. आठ जणांचा सकाळचा चहा, नाश्ता, अंघोळीचं पाणी. पन्हाळ्याला न्यायला आईनं पहाटे साडेचारला उठून धपाटे केले. का केले? कारण धाकटा पुतण्या रात्री म्हणाला, "आजी, तुझे धपाटे पाहिजेत." पोराची चूक नाही, ते लहान आहे. पण तवा आणि परात मी आदल्या दुपारी खोक्यात भरून, वर तीन पट्ट्या टेप मारून, त्यावर मार्करनं 'स्वयंपाकघर 2' लिहून ठेवली होती. सकाळी उठून बघते तर आई जमिनीवर पाय पसरून बसलेली, विळीनं टेप कापतेय. तिला खाली बसायला डॉक्टरांनी मनाई केलीय. उठताना तिनं भिंतीला हात लावला आणि तोंडातून आवाज निघू दिला नाही, कारण बाहेरच्या खोलीत सगळे झोपले होते. मी हे बघितलं. वहिनीनं नाही बघितलं, दादानं नाही बघितलं. त्यांना फक्त गरम धपाटे दिसले.

मी दादाला बाजूला घेऊन बोलले, तर बाबाच मध्ये पडले. "जाऊ दे गं, पोरं लांबनं आल्यात." आई म्हणाली, "चार दिवस आल्यात, फिरू दे की." म्हातारी माणसं असंच बोलणार! मुलानं पुन्हा यावं म्हणून ती हाडं झिजवतील, पण तोंडातून तक्रार काढणार नाहीत. त्यांनी नाही म्हटलं नाही म्हणजे त्यांना चालतंय, असा अर्थ पन्नाशीला आलेल्या मुलानं काढायचा?

आजोबांचा मुद्गल. तो लिहिल्याशिवाय मला पुढं जाताच येत नाही. आजोबा तालमीत जायचे, त्यांचा लाकडी मुद्गल बाबांनी दोन्ही पुरांतून वाचवला होता. नव्या फ्लॅटमध्ये जागा नाही हे बाबांना कळत होतं, पण परस्पर टाकवत नव्हतं. दादा आला की विचारू, म्हणून तीन दिवस तो दाराशी भिंतीला टेकवून ठेवला होता. चौथ्या दिवशी भंगारवाला दारात उभा. बाबांनी स्वतः फोन लावला. दादा घाईत म्हणाला, "अहो बाबा, ठेवून काय करायचंय? देऊन टाका." फोन स्पीकरवर होता, मी ऐकत होते. मागून मुलांचा गलका. ते कुठं होते माहितीय? खासबाग मैदानात. शाहू महाराजांनी बांधलेलं कुस्तीचं मैदान मुलांना दाखवत होता तो. पणजोबांचा मुद्गल हातात द्यायला घरी यायचं सोडून! बाबांनी पदरानं... नाही, आईच्या पदरानं तो मुद्गल पुसला, आणि देऊन टाकला. पैसे घेतले नाहीत. मी त्या क्षणी आडवी पडायला हवी होती, पडले नाही, हा राग स्वतःवरचा वेगळाच आहे.

गॅसचं कनेक्शन, बँकेतला पत्ता, पेन्शनच्या फायली, लाईट बिल, डॉक्टरांचे रिपोर्ट, केबलवाला, पेपरवाला, दूधवाला, सगळं मी आणि शेजारच्या काकांनी केलं.

पाचव्या दिवशी टेम्पो आला तेव्हा मात्र सगळ्यांनी हात लावला. तासभर. त्या तासाभरात कुणीतरी औषधांचा डबा उचलला आणि एका खोक्यात टाकून टेप मारली. खोक्यावर नाव नाही. "औषधांच्या डब्याला कुणी हात लावायचा नाही, तो माझ्या पिशवीत जाणार," हे मी दोनदा सांगितलं होतं. रात्री बाबांच्या गोळीची वेळ झाली, डबा सापडेना. मी आणि शेजारचे काका नव्या घरात खोकी फोडत बसलो, अकरावं खोकं फोडलं तेव्हा साडेअकराला डबा मिळाला. बाकीची मंडळी तांबडा-पांढरा रस्सा खायला बाहेर गेली होती.

सहाव्या दिवशी वास्तूची छोटी पूजा. मामा, आत्या, जुने शेजारी आले. आत्यानं कौतुकानं विचारलं, कसं काय जमवलंत सगळं? आणि दादा सरळ म्हणाला, "आठवडाभर सुट्टी टाकली आत्या, सगळेच राबलो." मी प्रसादाची ताटली हातात घेऊन उभी होते. हात थरथरत होता. आईनं माझ्याकडं बघितलं, नजरेनंच गप्प केलं, आणि मी गप्प राहिले.

फिरायला यायचं असेल तर फिरायला या ना. तसं सांगून या, लॉजवर उतरा, आईबाबांना एक दिवस गाडीत घालून सोबत न्या. जोतिबाला शेवटचं कधी गेले ते, विचारलंस का? आठ माणसांनी दोन गाड्या नेल्या, त्यात त्या दोघांना एकदाही बसवलं नाही. पण मदतीला आलो म्हणून सांगायचं, आणि पाय नीट न उचलणाऱ्या बाईकडून सहा दिवस रांधून घ्यायचं, हे मला सहन होत नाही.

काल दादाचा फोन आला. दिवाळीत परत येणार म्हणे, दाजीपूरचे गवे बघायचे राहिलेत. नव्या घराच्या गॅलरीत अजून 14 खोकी तशीच पडून आहेत, ती उघडायला मी या शनिवारी जातेय. मी त्याला सांगितलं, "ये, पण आईकडं उतरायचं नाही. हॉटेल बुक कर." तो चिडला, फोन ठेवला. हे आईला कळलं की ती माझ्यावरच ओरडेल. ओरडू दे.