लेसरच्या उष्णतेने चष्म्याचा नंबर कायमचा जातो का? एक खुलासा

लेसरची उष्णता देऊन कॉर्निया, म्हणजे बुबुळावरील पारदर्शक पटल, तापवले की कोणताही नंबर कायमचा जातो, असा एक संदेश सोलापुरातील व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरत आहे. तो चुकीचा आहे.

उष्णतेने कॉर्नियाचा आकार बदलण्याची पद्धत खरोखरच होती. तीत होल्मियम लेसरचे ठिपके कॉर्नियाच्या कडेला वर्तुळाकार दिले जात. त्या उष्णतेने तेथील कोलॅजन या प्रथिनाचे तंतू आकसत, आणि कडेला जणू कमरपट्टा आवळल्यामुळे मधला भाग अधिक फुगीर होऊन सौम्य प्लस नंबर कमी होई. मायनस नंबरासाठी मात्र मधला भाग सपाट करावा लागतो, म्हणजे नेमके याच्या उलट. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००० साली या पद्धतीला मान्यता दिली तीही प्लस नंबर तात्पुरता कमी करण्यासाठीच, कारण आकसलेले पटल हळूहळू पूर्ववत होऊ लागते आणि नंबर परततो.

आज प्रचलित असलेल्या लॅसिक या लेसर शस्त्रक्रियेमध्ये नंबर घालवण्याचे काम उष्णता करत नाही. १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचा एक्सायमर नावाचा अतिनील लेसर कॉर्नियाच्या पेशीजालाचे अतिसूक्ष्म थर काढून टाकतो.

यंत्रमागावर तुटलेला धागा जोडताना चाळिशीनंतर जो चष्मा लागतो, त्याचे मूळ तर डोळ्यातील भिंगाची लवचिकता कमी होण्यात आहे, आणि कोणताही कॉर्निया-उपचार ती परत आणत नाही. म्हणूनच अशा संदेशावर विसंबून कोणी पैसे भरू नयेत. आधी नेत्रतज्ज्ञाकडून कॉर्नियाची जाडी व आकार मोजून घ्यावा, ही कळकळीची विनंती.