दार सताड उघडं, उंबरठा गळ्याएवढा

अभिनंदन! तुमच्या स्काउट ट्रूपच्या माहितीपत्रकावर "सर्वांसाठी खुलं" असं छापून आलंय, शेजारी वेगवेगळ्या वेशातल्या चार हसऱ्या मुलांचा फोटोपण आहे, त्यातली दोन तुमच्या ट्रूपची नाहीत हे सोडा, फोटो झकास आलाय. आता पुढचा पेच असा की खुलं म्हटल्यावर खरंच कुणी आलं तर काय करायचं. घाबरू नका. मी बरीच वर्षं कॅम्पवर क्वार्टरमास्टर होतो, म्हणजे तंबू मोजायचे, दोऱ्या मोजायच्या, पातेली मोजायची आणि परतताना एखादी वस्तू कमी भरली की आरडाओरडा करायचा, आणि त्या अनुभवावर सांगतो, कुणालाही तोंडावर "नाही" म्हणायची वेळ येतच नाही. "नाही" म्हणणं अडाणीपणाचं आहे, ते लेखी राहतं, त्यावर पालक भांडायला येतात. त्यापेक्षा वेळापत्रक बनवा. वेळापत्रकावर आजवर कुणी केस टाकलेली माझ्या तरी पाहण्यात नाही.

आधीच्या लोकांना हे जमलं नाही बघा. भारतात १९०९ मध्ये स्काउटिंग सुरू झालं ते इंग्रज आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी, भारतीय पोरांना दार बंद, मग ॲनी बेझंट आणि मदन मोहन मालवीय यांच्यासारख्यांनी वेगळ्या संघटना उभ्या केल्या आणि पुढे आत घ्यावंच लागलं. अमेरिकेतली संघटना समलिंगी लीडर नको म्हणून थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, २००० मध्ये ५ विरुद्ध ४ अशी जिंकली, आणि एवढं जिंकून २०१३ मध्ये मुलांसाठी आणि २०१५ मध्ये लीडरांसाठी तीच बंदी स्वतःच उठवत बसली. कशाला हा खटाटोप. दार बंद करणाऱ्याचं नाव इतिहासात जातं, उंबरठा वाढवणाऱ्याचं कुठेच येत नाही.

तर, कॅम्प शुक्रवारी संध्याकाळी सुरू करायचा. का म्हणून कुणी विचारलं तर "पहिल्यापासून असंच आहे". सूर्य बुडताबुडता बस पोचते, अंधारात तंबू ठोकायचे, चूल पेटवायची, रांधायचं, आणि शनिवारभर गाठींची परीक्षा, काठ्या-दोऱ्यांचं बांधकाम, लॉगबुक लिहिणं. आता गंमत अशी की ज्यू लोकांचा शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्ताला लागतो आणि शनिवारी रात्री चांदण्या दिसल्या की सुटतो, आणि त्या वेळात न करायच्या कामांचे ३९ प्रकार परंपरेनं ठरवून ठेवलेत. त्यात आग पेटवणं आहे, आग विझवणं आहे, रांधणं, उभारणं, पाडणं, लिहिणं, लिहिलेलं खोडणं, आणि हे ऐका, गाठ मारणं आणि गाठ सोडणंसुद्धा आहे. मी पहिल्यांदा ती यादी वाचली तेव्हा मला वाटलं आमचंच शनिवारचं टाइमटेबल कुणीतरी फोडलंय.

असाच एक मुलगा होता आमच्याकडे, बारा-तेरा वर्षांचा, गाठींमध्ये अख्ख्या ट्रूपमध्ये त्याच्या जवळपास कुणी नाही. शनिवारी सकाळी तो झाडाखाली बसला होता आणि समोर त्याचं पथक काठ्यांचा मनोरा उभा करत होतं, दोरी पुरेना म्हणून दोन दोऱ्या जोडल्या होत्या. तो दहा पावलांवरून म्हणाला, "सर, ती रीफ नाहीये, ग्रॅनी झालीये, सरकणार ती." मी वाकून पाहिलं. रीफ नॉटमध्ये मोकळी टोकं मूळ दोरीला लगटून सरळ पडतात, ग्रॅनीत ती आडवी बाहेर येतात, आणि ही चांगली ढळढळीत आडवी आली होती, दोन मिशांसारखी. पण मी पडलो मोठा माणूस, परीक्षक, माझी सही करून झाली होती. पथकाला पास दिलं आणि झाडाखालच्याच्या नावापुढे "सहभाग नाही" लिहिलं. जेवणाची शिट्टी व्हायच्या आत मनोरा आडवा झाला, कुणाला लागलं नाही म्हणून बरं. मग शेरा बदलायचा का असा विषय निघाला खरा, पण लॉगबुकात खाडाखोड बरी दिसत नाही (३९ मध्ये ते पण येतंच, म्हणजे आम्ही त्याच्याच धर्माचा मान राखला म्हणा ना). रविवारी सकाळी दहा मिनिटांत त्याची परीक्षा झाली असती. पण रविवारची सकाळ सर्वांच्या प्रार्थनेसाठी राखीव असते. सर्वांच्या म्हणजे आमच्या.

रमजानचं तर याहून सोपं. चांद्र कॅलेंडरमुळे तो दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, म्हणजे पुढच्या दहा वर्षांच्या तारखा एखाद्या दिवसाच्या फरकानं आजच मांडता येतात. तुम्ही मात्र दरवर्षी चकित व्हायचं. "अरेच्चा, यंदा पण आला का?" आणि सगळ्यात लांबचा हाइक बरोब्बर त्याच आठवड्यात टाकायचा. मग भर दुपारी रोजा धरलेला पोरगा सावली बघून टेकला की त्याच्या शेजारी बसा, पाण्याची बाटली जरा वाजवून उघडा आणि आवाज मऊ करून म्हणा, "बाळा, प्रवासात सूट असते ना तुमच्यात?" असते, खरंच असते, प्रवासात सोडलेला रोजा नंतर भरून काढता येतो, आणि ती घ्यायची की नाही हे त्याचं तो आणि त्याच्या घरचे बघून घेतील, पण मग तुमच्या वाचनाचा उपयोग काय? दुसऱ्याच्या धर्मातल्या सवलती तोंडपाठ असणं हे मुरलेल्या लीडरचं लक्षण आहे. स्वतःच्या धर्मातली सवलत कुणी काढून दाखवली की तेवढ्या भावना दुखावून घ्यायच्या. पहाटे चारला चूल पेटवून द्याल का असं कुणी विचारलं तर साफ सांगा की सकाळी सहापर्यंत शांततेचा नियम आहे. त्याच कॅम्पात पहाटे चारला टॉर्च घेऊन पक्षी बघायला जातात ते वेगळं, पक्षी धर्मनिरपेक्ष असतात.

आता स्वयंपाकघर, म्हणजे माझं साम्राज्य. फॉर्मवर "आहाराविषयी सूचना" अशी ओळ अवश्य ठेवा, बोटभर लांबीची. पालक बिचारे त्यात हलाल, कोशर (ज्यूंचे खाण्याचे नियम), कंदमुळं नकोत, सूर्यास्तानंतर जेवत नाही असलं काय काय मुंगीच्या अक्षरात कोंबतात. फॉर्म फाइलला लावा, फाइल ऑफिसात ठेवा आणि कॅम्प ऑफिसपासून लांब ठेवा. प्रत्यक्ष कॅम्पवर पातेली दोन करायची, एक मांसाचं आणि एक बिनमांसाचं, म्हणजे फोटोत दोन दिसतात, पण पळी एकच. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, पोरगी ताट पुढे करते, पळी कुठल्या पातेल्यातून निघून कुठल्या पातेल्यात चालली ते बघते, ताट मागे घेते आणि "भूक नाही" म्हणते. मागून रांग ढकलत असते, वाढणारा पुढच्याच्या ताटात टाकून मोकळा. त्यावर तुम्ही तिच्या पाठीवर थाप मारून "लाजायचं नाही हं इथे" म्हणायचं. आणि कुणी म्हणालं की एवढ्या लोकांच्या सोयी बघायला साहित्य कुठून आणणार, तर मान डोलवा. पळ्यांच्या पेटीत पाच पळ्या होत्या, किल्ली माझ्या गळ्यात होती, पण हे आपल्यात राहू द्या.

सूर्यास्ताआधी जेवणाऱ्या जैन मुलासाठी रात्रीचं जेवण कॅम्पफायरनंतर ठेवलं की पुरतं, वेगळं काही करावं लागत नाही.

सुरक्षेचा मुद्दा कधी काढायचा हेही कळलं पाहिजे. स्काउटकडे चाकू असतो, असायलाच हवा, त्याला धार कशी लावायची, दुसऱ्याला देताना मूठ त्याच्याकडे कशी करायची हे आपण कौतुकानं शिकवतो आणि बॅज पण देतो. पण शीख मुलाच्या कमरेला म्यानात बंद कृपाण दिसली की लगेच मीटिंग लावा. मीटिंगमध्ये तुमच्या पट्ट्याला लटकलेला चाकू टेबलाला अडकतोय असं वाटलं तर काढून बाजूला ठेवा, चर्चा निवांत होते.

प्रार्थनेत मात्र घाई नको. स्काउट्स ओन नावाची एक जुनी पद्धत आहे, मुलांनीच बसवलेली साधीसुधी प्रार्थनासभा, कुणी काही वाचतं, कुणी गातं, कुणी नुसतंच गप्प बसतं. नावातच "स्काउटांची स्वतःची" आहे, तेव्हा ती मुलांच्या हातात अजिबात जाऊ देऊ नका, काय वाचतील सांगता येत नाही. तुमच्या घरची प्रार्थना घ्या, त्यातलं देवाचं नाव गाळा, तिथे "निसर्ग" घाला, चाल तीच ठेवा. झाली सर्वधर्मीय. हात कसे जोडायचे, डोळे मिटायचे की नाही, मान किती खाली घालायची हे सगळं तुमच्याच सवयीचं असल्यानं तुम्हाला त्यात धर्म दिसणारच नाही, आणि ज्याला दिसतो त्याच्या नजरेत दोष आहे असं समजायचं. शेवटी दुसऱ्या धर्माच्या एखाद्या मुलाला उभं करा, "तुमच्यातलं पण काहीतरी म्हण की". त्याला काही येत नसेल, त्याचं सगळं लक्ष तंबूत राहिलेल्या ओल्या मोज्यांकडे असेल, तरी सोडायचं नाही. तो अकरा वर्षांचा आहे पण आज कोट्यवधी लोकांच्या वतीनं उभा आहे.

आणि देवच न मानणारं पोर निघालं तर? ही मात्र खरी कसोटी. जागतिक स्काउट संघटनेच्या घटनेत कर्तव्यं तीन: देवाप्रति, इतरांप्रति आणि स्वतःप्रति, त्यामुळे स्काउट होताना घ्यायच्या वचनात देव येतोच. ब्रिटनमधल्या स्काउट संघटनेनं २०१३ मध्ये न मानणाऱ्यांसाठी वचनाचा वेगळा पर्याय जाहीर केला, तिथल्या गर्ल गाइड्सनी त्याच वर्षी आपल्या वचनातून देव काढून स्वतःशी प्रामाणिक राहण्याची ओळ घातली, भारतात "ईश्वर"ऐवजी "धर्म" म्हणायची मुभा आहे (न मानणाऱ्या पोराला याचा कितपत उपयोग, हा प्रश्न विचारू नये). तुम्ही एवढ्या खोलात शिरू नका. पोराला बाजूला घ्या आणि म्हणा, "नुसते ओठ हलव, कोण बघतंय." तसा स्काउटचा पहिलाच नियम आहे की त्याच्या शब्दावर विश्वास ठेवता आला पाहिजे, म्हणजे खरं बोललं की वचन होत नाही आणि वचन घेतलं की पहिला नियम मोडतो. आमच्या इथे एका मुलीनं नेमकं हेच विचारलं, तीन बोटं वर धरलेलीच होती, पालक समोर, कॅमेरा चालू. लीडर म्हणाले, "छान प्रश्न आहे, नंतर बोलू." नंतर कधीच बोलले नाहीत. मीही तिथेच होतो, झेंड्याची दोरी धरून, मीही नाही बोललो.

व्हीलचेअरवरच्या मुलाला "निसर्गात रॅम्प नसतो रे" असं हसून सांगा, लीडरच्या तंबूपर्यंत गाडी येते त्या रस्त्यावर तेवढ्यापुरतं वाहन लावून ठेवा.

भाषणात संस्थापकांचं नाव आलंच पाहिजे. १९०७ च्या ऑगस्टमध्ये बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर सुमारे २० मुलांना घेऊन पहिला कॅम्प केला हे जोरात सांगा. त्यात बड्या घरची, महागड्या शाळेतली मुलं आणि कामगारांची मुलं अशी मुद्दाम एकत्र घातली होती, त्या काळात हे सोपं नव्हतं, हेही सांगा, फक्त "मुद्दाम" हा शब्द गिळून टाका. तो ऐकला की लोकांना वाटायला लागतं की मुलं आपोआप एकत्र येत नाहीत, कुणीतरी बसून यादी करावी लागते, कोण कुठल्या पथकात, कोण काय खातं, कुणाला कधी मोकळा वेळ लागतो, आणि मग ते काम तुमच्याच गळ्यात येतं. दोन वर्षांनी लंडनमधल्या क्रिस्टल पॅलेसच्या स्काउट मेळाव्यात मुली न बोलावता गणवेश घालून हजर झाल्या, आम्हालाही घ्या म्हणाल्या, हा किस्सा सांगितलात तरी चालेल, त्यावर लोक हसतात. त्यांच्यासाठी लगोलग पुढच्या वर्षी वेगळी संघटना काढली, तेव्हा त्यातही चिंतेचं काही नाही.

एवढं नीट केलंत तर दोन-तीन कॅम्पांत गर्दी आपोआप ओळखीची होते. कुणी चिडून जात नाही, तक्रार येत नाही, पोरं नुसती यायची थांबतात. तो गाठीवाला पोरगाही पुढच्या कॅम्पला आला नाही. जाण्याआधी त्यानं स्टोअरमधल्या सगळ्या दोऱ्या सोडवून, नीट वेटोळी करून, लांबीप्रमाणे खुंट्यांना लावून ठेवल्या होत्या, रविवारी, आमची प्रार्थना चालू असताना. मला त्या मोजाव्या लागल्या नाहीत, त्या एकाच वर्षी.

मग वार्षिक अहवाल भरायचा असतो. "किती मुलांना प्रवेश नाकारला" या रकान्यात शून्य लिहा, खोटं नाहीये ते. पुढच्या रकान्यात गळालेल्या मुलांची नावं आणि शेजारी कारण, तो रकाना अगदीच अरुंद आहे, छापणाऱ्यानं विचार करूनच ठेवला असणार. मी तिथे "वैयक्तिक" लिहितो. बरोब्बर बसतं.