कलम 156 आणि उत्तेजनार्थ

सोसायटीच्या गणेशोत्सवातली छायाचित्र स्पर्धा, विषय 'पाऊस', आणि मला उत्तेजनार्थ. म्हणजे प्लास्टिकचा डबा. झाकण बसत नाही.

परीक्षक बी विंगमधले काका, रेल्वेतून निवृत्त. फोटो माटुंग्याला न थांबणाऱ्या फास्ट लोकलचा, पॅनिंगचा. शटर 1/30 सेकंद उघडं, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) 100. पाय रोवून कमरेतून वळायचं, गाडीच्या वेगाने कॅमेरा फिरवत बटण दाबायचं आणि दाबल्यावरही फिरवत राहायचं. हात तिथेच थांबला की गाडीचा डबाही पुसट. जमलं तर दारातले चेहरे स्वच्छ आणि मागे नुसत्या ओल्या रेघा.

काकांनी चष्मा कपाळावर चढवला, फोन नाकाशी नेला आणि दोन बोटांनी फोटो ताणत थेट दारापाशी पोचले.

"हे चौघं फुटबोर्डवर?"

"गर्दीची वेळ होती, काका."

"रेल्वे कायदा 1989, कलम 156. तीन महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर पाचशेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्ह्याला बक्षीस देऊ?"

"पण मागच्या रेघा बघा ना."

"बघितल्या. स्टेशनचं नाव वाचता येत नाही. माणसाने उतरायचं कुठे?"

"ही गाडी इथे थांबतच नाही."

"मग तू तिथे कशाला उभा होतास?"

पहिलं बक्षीस मरीन ड्राइव्हच्या जांभळ्या आभाळाला. रंग भडक करणारी सॅच्युरेशनची पट्टी टोकाला नेल्याशिवाय तो रंग येत नाही. क्षितिज इतकं कललंय की समुद्र मलबार हिलकडे सांडावा. काकांचा शेरा: "प्रसन्न वाटतं."

आवडीनिवडी मोठ्या सलोनांतही, म्हणजे छायाचित्र स्पर्धा-प्रदर्शनांतही असतात, नाही असं नाही. फियाप या आंतरराष्ट्रीय छायाचित्रण महासंघाच्या निसर्ग विभागात माणसाच्या खुणा चालत नाहीत, त्या निसर्गाच्या गोष्टीचाच भाग असल्या तर गोष्ट वेगळी. म्हणून शिवडीचे फ्लेमिंगो टिपताना माहुलची धुराडी चौकटीबाहेर ठेवायची. तेच पक्षी वृत्तछायाचित्र म्हणून पाठवा, धुराड्यांनाच भाव! पण तिथे नियम आधी छापून देतात. इथे फोटोच व्हॉट्सअ‍ॅपवर मागवलेले. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आक्रसतो, शटर-आयएसओची नोंद पुसली जाते, पावसाचे बारीक धागे मिटून करडा लगदा उरतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवला, तर काकांच्या फोनवर उघडेना. 12 बाय 18 च्या प्रिंटा काढून भिंतीवर लावा म्हटलं, तर कमिटी म्हणे खर्च परवडत नाही.

मंडपाच्या कमानीवर मात्र शुभेच्छुकांचे चेहरे हातभर रुंद छापलेत. एकही फोकसमध्ये नाही.