‘जिवंत डिस्क’च्या फॉरवर्डवर विसंबून हार्ड डिस्क मोडीत काढू नका

काल रात्री ताईचा मेसेज आला, “जुन्या हार्ड डिस्क काढून टाकू का? ती प्रथिनाची डिस्क येतेय ना आता.” खाली तोच फॉरवर्ड चिकटवलेला. तिच्याकडे घरातले सगळे स्कॅन केलेले फोटो आहेत, बाबांच्या आवाजाची रेकॉर्डिंग आहेत आणि त्यांची दुसरी प्रत कुठेच नाही. म्हणून हे लिहितोय, आणि चिडूनच लिहितोय.

फॉरवर्ड थोडक्यात असा: खाऱ्या पाण्यातल्या एका जिवाणूच्या प्रथिनाचा थर दिलेल्या डीव्हीडीवर ५० टेराबाइट माहिती मावते. प्रथिन जिवंत असल्यामुळे माहिती स्वतःच दुरुस्त होते आणि हजारो वर्षं टिकते, त्यामुळे बॅकअपची गरज नाही. हार्ड डिस्क कंपन्यांनी हा शोध दाबून ठेवला होता. आता आगाऊ नोंदणी सुरू आहे, लिंक खाली.

प्रथिन खरं आहे, एवढं मान्य करावं लागेल. त्याचं नाव बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन. ओस्टरहेल्ट आणि श्टॉकेनिउस यांनी १९७१ साली त्याची ओळख पटवली. मिठागरांसारख्या अतिखारट पाण्यात राहणाऱ्या हॅलोबॅक्टेरियमच्या जांभळ्या पटलात, म्हणजे पेशीच्या पातळ आवरणात, ते असतं. त्याच्या पोटात रेटिनल नावाचा, अ-जीवनसत्त्वाच्या कुळातला रेणू असतो. प्रकाश पडला की हा रेणू वाकतो आणि प्रथिनाचा रंग बदलत जातो. जांभळा म्हणजे शून्य, पिवळा म्हणजे एक, अशी साठवणुकीची मूळ कल्पना. ते चिवटही आहे. बहुतेक प्रथिनं ज्या उष्णतेत नासतात तिथे हे तग धरतं.

पण ‘जिवंत’ आणि ‘हजारो वर्षं’? हा मुद्दा सगळ्यात घातक आहे, कारण त्यावरच लोक बॅकअप सोडून देतात.

एक तर डिस्कवर जिवाणू नसतो. त्याच्यापासून वेगळं काढलेलं, वाळवलेलं पटल असतं. जिवंत पेशीत बिघडलेल्या प्रथिनाच्या जागी नवं तयार होतं. इथे ते करणारं कोणीच नाही. आणि पेशी असती तरी ती स्वतःचं प्रथिन दुरुस्त करेल. तुमच्या फोटोतला कुठला बिट शून्य होता आणि कुठला एक, हे तिला कळायचं कसं?

दुसरं म्हणजे तो पिवळा टप्पा टिकतच नाही. नैसर्गिक प्रथिन साधारण १० मिलिसेकंदांत रंगबदलाची फेरी पूर्ण करून पुन्हा जांभळं होतं. त्यात जनुकीय बदल करून पिवळा टप्पा काही सेकंदांपर्यंत आणि त्याहून थोडा पुढे लांबवता आला, पण त्याला कायमची साठवण म्हणता येत नाही. टिकाऊ वाट आहे ती वेगळी. फेरीच्या शेवटाकडच्या टप्प्यावर लाल प्रकाश पाडला की प्रथिन आडवाटेला लागतं आणि वर्षानुवर्षं टिकू शकेल अशा अवस्थेत पोहोचतं. याच वाटेवर अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट बर्ज यांनी प्रथिनाच्या ठोकळ्यात त्रिमितीय साठवण उभारायचा प्रयत्न केला. मार्च १९९५ च्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांनी स्वतःच सगळं मांडलंय. त्यांच्या मांडणीत वाचनानेही माहिती हळूहळू पुसट होते, म्हणून सुमारे हजार वाचनांनंतर ती माहिती पुन्हा लिहावी लागते. आणि पुसायचं कसं? निळ्या प्रकाशाने. निळा प्रकाश उन्हातही असतो. या विषयात आयुष्य घातलेला माणूस फेरलेखनाची सोय करून ठेवतो, आणि फॉरवर्ड म्हणतो बॅकअप नको!

आता ५० टेराबाइट. हा आकडा २००६ सालचा आहे. ब्रिस्बेनच्या एका परिषदेत वेंकटेशन रेणुगोपालकृष्णन या संशोधकांनी तो सांगितला होता, आणि अशी डीव्हीडी १८ ते २४ महिन्यांत येईल असंही म्हटलं होतं. ती आली नाही. का, ते कागद-पेन्सिल घेऊन बघता येतं. प्रथिनाचा रेणू काही नॅनोमीटरचा असतो हे खरं, पण त्यावर लिहायचं प्रकाशाने, आणि भिंगातून प्रकाश हवा तितका बारीक एकवटता येत नाही. ब्ल्यू-रे, म्हणजे डीव्हीडीच्या पुढच्या पिढीची डिस्क, तिचा लेसर ४०५ नॅनोमीटरचा, त्यामुळे ठिपका काहीशे नॅनोमीटरचा. त्या एका ठिपक्याखाली हजारो रेणू येतात आणि सगळे मिळून एकच बिट धरतात. ब्ल्यू-रेच्या एका थरात २५ गिगाबाइट मावतात. म्हणजे ५० टेराबाइटसाठी २००० थर. डिस्कची जाडी १.२ मिलिमीटर, तेव्हा दोन थरांत अंतर उरतं ०.६ मायक्रॉन. लेसरचा झोत खोलीच्या दिशेने याहून लांब पसरतो, त्यामुळे एका थरावर लिहिताना शेजारचे थरही बदलणार.

ही मर्यादा ओलांडायच्या युक्त्या आहेत, हे नाकारत नाही. २०२४ मध्ये चिनी संशोधकांनी १०० थरांच्या, डीव्हीडीएवढ्या डिस्कवर १.६ पेटाबिट, म्हणजे २०० टेराबाइट मावतील असं दाखवलं. पण त्यात प्रथिन नव्हतं. खास रंगद्रव्य आणि दोन लेसर होते. शिवाय तेही प्रयोगशाळेतच आहे.

‘शोध दाबला’ यावर फार बोलत नाही. लेख छापलेले आहेत, पेटंट उघड आहेत. पेन ड्राइव्हमधली फ्लॅश मेमरी आणि हार्ड डिस्क इतक्या झपाट्याने मोठ्या आणि स्वस्त झाल्या की प्रथिन मागे पडलं. आज ३० टेराबाइटची हार्ड डिस्क विकत मिळते. बर्ज यांच्या संशोधनातून निघालेली लॅम्डाव्हिजन ही कंपनी याच प्रथिनापासून कृत्रिम दृष्टिपटल बनवण्याच्या मागे आहे.

राहिली आगाऊ नोंदणी. पैसे मागणाऱ्याला एवढंच विचारा: ही डिस्क वाचणारा ड्राइव्ह कोणता, आणि तो आज कुठे विकत मिळतो? ताईला मी जुन्या हार्ड डिस्क ठेवायला आणि एक नवी घ्यायला सांगितलंय. बाबांची रेकॉर्डिंग या रविवारी कॉपी करतोय.