दूधगंगेच्या काठची बिनतुपाची पोळी

संक्रांतीच्या आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भांडण पेटलं. निमित्त माझ्याच फोटोचं. जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या माझ्या स्वयंपाकघरात लाटलेल्या शेंगाच्या पोळ्या आणि खाली मी लिहिलेलं, ‘यंदाही तूप नाही.’ पुण्याच्या चुलतभावाचं उत्तर लगेच आलं: व्हेगन होणं, म्हणजे दूध-तूपही वर्ज्य करणं, हे गोऱ्यांचं खूळ आहे, आपलं दूध बंद पाडून बदामाचं पाणी विकायचा डाव आहे. त्यावर बेंगळुरूच्या भाचीनं सुनावलं की दूध काढणं हीच क्रूरता, गावाकडच्या म्हशी विकून टाका. ज्यांच्या म्हशी, त्या काकी गप्पच होत्या. शेवटी आईचा आवाज आला: “बिनतुपाचं तिकडं काय खाऊलीस ग?”

आमचं गाव निपाणीकडचं, दूधगंगेच्या काठावरचं. जिथं नदीच्या नावातच दूध, तिथली लेक दूध-तूप सोडते म्हटल्यावर आईला वाटणारी काळजी मला कळते. मी ते सोडलं ते इथं येऊन, पण इथल्या कुणाचं ऐकून नव्हे. शहराबाहेर सायकलनं जाताना एका मोठ्या डेअरीच्या आवारात प्लॅस्टिकच्या पांढऱ्या घुमटांची रांग दिसली. प्रत्येक घुमटात एकेक वासरू, आईपासून वेगळं काढलेलं. युरोपच्या नियमाप्रमाणे आठ आठवड्यांपर्यंत वासराला असं एकटं ठेवता येतं. त्या रात्री मला आमच्या गोठ्यातलं रेडकू आठवलं. आमच्याकडे ते आईजवळच असायचं, आधी पान्हा सोडायला त्यालाच लावायचे. पण नर रेडकू पुढे कुठे जायचं, हे लहानपणी मी कधी विचारलं नाही आणि घरात कुणी सांगितलंही नाही. म्हणून आपला गोठा तेवढा सोज्वळ आणि यांचा क्रूर, असं मला म्हणता येत नाही.

तरी भाचीला मी ग्रुपवरच सांगितलं की काकीला म्हशी विकायला सांगायचा अधिकार तुला नाही आणि मलाही नाही. डेअरीत रोज घातलेल्या दुधाचे पैसे हे काकीच्या हातातले एकमेव स्वतःचे पैसे. ऊस कारखान्याला जातो आणि त्याचं बिल काकांच्या खात्यावर येतं. ओटचं दूध परवडणाऱ्या पगारावर बसून दुसऱ्याची दावण रिकामी करायला सांगणं मला पटत नाही.

आणि भावाचं ‘गोऱ्यांचं खूळ’? शेजारच्या आजींनी पहिल्या नाताळात मला श्टॉलेन दिला, मनुका-बदाम भरलेला पाव, वर पिठीसाखर. बरोबर त्याची कथाही दिली. नाताळाआधीचे चार आठवडे पूर्वी उपासाचे होते आणि त्यात लोणी वर्ज्य. म्हणून श्टॉलेन पीठ, पाणी आणि तेलाचा व्हायचा. सॅक्सनी या जर्मन प्रांताच्या राजघराण्यानं लोण्यासाठी पोपकडे अर्ज केले आणि १४९१ मध्ये पोप आठवे इनोसंट यांनी परवानगीचं पत्र दिलं. आज त्याच प्रांतातल्या ड्रेस्डेन शहराचा श्टॉलेन लोण्याशिवाय तिथलं नाव लावू शकत नाही, पण मूळचा तो बिनलोण्याचा. आमच्या जवळच्या ल्युबेक शहराची मार्झिपान ही मिठाई तर बदाम आणि साखर, एवढंच.

ते ऐकताना मला आमचं भोगीचं ताट दिसत होतं. तीळ थापलेली बाजरीची भाकरी. वांगं, गाजर, घेवडा, वालपापडी, ओला हरभरा आणि बोरं घालून केलेली मिसळीची भाजी, तिळाच्या कुटाची. कारळ्याची चटणी. दुसऱ्या दिवशी गुळाची पोळी, तिच्या सारणाचं बेसन आमच्याकडे तेलावरच भाजतात आणि कणकेत मोहनही कडकडीत तेलाचं. म्हणूनच ती आठवडाभर टिकते. शेंगाची पोळी म्हणजे भाजून, सालं पाखडून कुटलेले दाणे, गूळ, तीळ, वेलदोडा. शेजारच्या कन्नड घरात तिला शेंगा होळगी म्हणायचे. आम्ही ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ म्हणत त्यांच्या दारात जायचो आणि ते ‘एळ्ळु-बेल्ल तिंदु ओळ्ळे माताडि’ म्हणत आमच्या हातावर तेच ठेवायचे. नागपंचमीच्या ज्वारीच्या लाह्याही अशाच. यात दूध कुठे आहे? भाकरीवर लोण्याचा गोळा आणि पोळीवर तुपाची धार, ती वरून, वाढताना. ज्यांच्या दारात जनावर नव्हतं त्यांच्याही घरी संक्रांत होतच होती आणि त्यांच्या पोळीला कुणी परदेशी म्हणत नव्हतं.

(दिवाळीत कित्येक घरी करंज्या डालड्यात तळल्या जायच्या. त्यातही दूध नसे, पण ते मी आदर्श म्हणून सांगत नाही. त्यातल्या ट्रान्स फॅटनं हृदयाचं काय होतं ते आता सगळ्यांना माहीत आहे. वनस्पतिजन्य आहे एवढ्यानं पदार्थ पौष्टिक होत नाही.)

कुंद्यासाठी मात्र मी हट्टाला पेटले होते. बेळगावचा कुंदा म्हणजे दूध तासन् तास आटवून, रवाळ आणि तपकिरी होईपर्यंत परतलेलं. ओटच्या दुधावर करून पाहिला तर खळ झाली, काजूच्या दुधाचा हलवा झाला. दुधातल्या प्रथिनांमुळे येणारा तो रवाळपणा तिथं येणारच नव्हता. तीन डाव वाया गेल्यावर मी ठरवलं की ज्याचा जीवच दूध आहे त्याची नक्कल करायची नाही. कुंदा आठवणीत राहू दे. इथल्या दुकानांत नकली चीज, नकली सॉसेज यांच्या भिंतीच्या भिंती आहेत. नव्यानं दूध सोडणारे आपल्याकडचे तरुण महागडं व्हेगन पेढ्याचं पाकीट मागवतात तेव्हा मला वाईट वाटतं. आजीच्या डब्यात शेंगाचे लाडू असताना त्याची गरज काय?

नियमांचं म्हणाल तर जर्मनीत गाईच्या दुधावर ७ टक्के कर आणि ओटच्या पेयावर १९. भारतात ओट-बदामासारख्या वनस्पतिजन्य दुधावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ टक्के झाला. ते स्वस्त झालं तर चांगलंच, पण शेंगा आणि गुळाला त्याची वाट पाहावी लागत नाही.

मागच्या खेपेला गावाहून निघताना मी आईला सांगितलं की युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला सामानात दुधाचे पदार्थ आणू देत नाहीत, तेव्हा कुंदा आणि तुपाची बरणी बांधू नकोस. ती काही बोलली नाही. पहाटे बघते तर ओट्यावर पोळ्यांच्या दोन चवडी. एका चवडीच्या प्रत्येक पोळीवर मधोमध तिळाचा ठिपका दाबलेला. “ठिपक्याच्या तुझ्या,” ती म्हणाली, “तव्यावर तेलच सोडलंय. बाकीच्या आमच्या.” आणि ठिपक्याच्या पोळ्या जुन्या धोतराच्या फडक्यात बांधायला लागली.