येळवशीच्या तोंडावर बाथरूम फोडा, पुण्य लागेल

सगळ्यात आधी तुमचं अभिनंदन. वर्षभर तुम्ही हॉलच्या भिंतीवरचा तो ओला डाग बघत बसलात, पाहुणे आले की त्याच्यापुढं खुर्ची सरकवलीत, आणि डिसेंबर लागल्या लागल्या तुम्हाला साक्षात्कार झाला की आता बाथरूमचं काम काढावं. फार छान. मीपण हेच केलं. 11 तारखेला, मार्गशीर्षातला तिसरा गुरुवार बघून, लक्ष्मीचा वार आहे, काम झटक्यात उरकेल म्हणून. आज 28 आहे. हे मी अंगणात प्लास्टिकच्या स्टुलावर बसून मोबाईलवर टाइप करतोय, कारण हॉलमध्ये बसायच्या जागी बाथरूमचं दार उभं आहे. नुसतं दार. चौकट वेगळी, ती जिन्यात आहे. तर आता अनुभवी माणूस झालोय, चार सल्ले देतो, फुकट आहेत, घ्या.

कॅलेंडर अजिबात बघू नका. बघितलं तर उगीच कळतं की 18 ला शेवटचा गुरुवार, म्हणजे उद्यापन, घरात सवाष्णी येणार. 19 ला येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, सगळ्यांनी रानात जाऊन पूजा करून तिथंच जेवायचा आमच्याकडचा सण. तिच्या मागंपुढं माळेगावची यात्रा, जनावरांच्या बाजाराची, आणि प्रत्येक मिस्त्रीच्या भावकीत एक तरी जण घोडं नाहीतर गाढव बघायला तिकडं जातोच. मग पौष लागतो, पौषात हातचं काम पुढं ढकलायला पंचांगाचाच आधार. मग नाताळ, मग थर्टी फर्स्ट, मग भोगी, मग संक्रांत. हे आपल्याला माहीत नसतं, मिस्त्रीला तोंडपाठ असतं. आमच्या मिस्त्रीनं 25 तारखेला नाताळची सुट्टी घेतली. गळ्यात तुळशीची माळ आहे त्याच्या. असो, सगळे सण आपलेच.

निदान करत बसू नका. डाग दिसला की आधी त्याच्यावर पुट्टी मारा, वर दोन हात रंग. भिंत ओली असली तरी मारा. पाणी आतून येतंय आणि मलम आपण बाहेरून लावतोय असले विचार मनात आणायचे नाहीत. फेब्रुवारीत त्याचा पापुद्रा सुटतो, आत पांढरे क्षार मिठासारखे फुललेले असतात, लेकरं ते नखानं खरवडतात आणि आपण म्हणतो, रंगच डुप्लिकेट दिला त्यानं. आम्ही असं सलग तीन वर्षं केलं. खरं तर एक साधी परीक्षा असते. नाणी ट्रॅपचं, म्हणजे फरशीतलं पाणी जायच्या जाळीखालच्या भांड्याचं, तोंड कापडाचा बोळा कोंबून बंद करायचं आणि फरशीवर दोन इंच पाणी 24 तास उभं करून ठेवायचं. ओल वाढली तर गळती फरशीत नाहीतर ट्रॅपपाशी, नाही वाढली तर बहुतेक भिंतीतल्या पाइपात. फोडायच्या आधी कळतं की कुठं फोडायचं. तुम्ही मात्र हे करू नका. एक तर फरशीवर नुसतं उभं करायला पाणी आणायचं कुठून? नळाबद्दल मी काही लिहीत नाही, लातूरकराला सांगायची गरज नाही आणि बाकीच्यांना 2016 ची रेल्वे आठवत असेलच. त्या उन्हाळ्यात पाणी मिरजेहून साडेतीनशे किलोमीटर रुळावरून लातूरला आलं. आमचा मिस्त्री चार किलोमीटरवर राहतो.

सगळ्यात स्वस्त मिस्त्री निवडा.

अॅडव्हान्स मागेल त्याच्यापेक्षा हजार जास्त द्या, माणूस खूश राहतो.

आता मुख्य सल्ला, नीट वाचा. मिस्त्रीला पहिल्याच दिवशी सगळं फोडू द्या. आमचे आले, सोबत एक पोरगं, ब्रेकर लावला आणि दुपारी दोनपर्यंत बाथरूमची पूर्ण फरशी, कमरेपर्यंतच्या टाइल्स, नाणी ट्रॅप, सगळं उकरून मोकळं केलं. मी म्हणलं वा, काय स्पीड आहे. आईला म्हणलं पण, बघ, आठ दिवसात नवं बाथरूम. मला कुठं माहीत की हा स्पीड कामाचा नसतो, धरून ठेवायचा असतो. बसमध्ये खिडकीतून रुमाल टाकतात ना सीटवर, तसं हे लोक तुमच्या बाथरूमवर ब्रेकर टाकतात. एकदा फोडलं की तुम्ही त्यांचे. दुसरा कुणी हात लावत नाही. मी तिघांना आणून दाखवलं, तिघंपण दारातून आत डोकावले, तोंडानं च्च केलं आणि म्हणाले, दुसऱ्याचं अर्धवट काम आम्ही धरत नाही सर, उद्या गळलं तर नाव आमचं. बरोबर आहे त्यांचं. त्यातल्या एकानं वर मला विचारलं की 26 हजाराचा माझा भाव तुम्हाला जास्त वाटला होता ना ऑक्टोबरात? वाटला होता बाबा. 22 वाला मिळाला होता. आणि नंतर कळलं की आमच्या 22 वाल्यानं आमच्याच कॉलनीत त्याच आठवड्यात अजून तीन घरं फोडून ठेवलीत. एका ठिकाणी किचनचा ओटा, एका ठिकाणी गच्चीचा कोबा, आणि एका ठिकाणी तर नुसतं गेट काढून नेलंय. आम्ही चौघं आता रोज सकाळी एकमेकांना फोन करतो, तुमच्याकडं आला का, नाही, मग तुमच्याकडं असेल म्हणलं, नाही बा. सासरच्या पोरीची वाट बघावी तशी एका माणसाची चार घरं वाट बघतायत, आणि तो कुठं असतो तर पाचव्या घरी, फोडायला! कारण जोडायला वेळ लागतो, फोडायला अर्धा दिवस पुरतो आणि अॅडव्हान्स फोडतानाच मिळतो, जोडताना नाही. हे गणित दहावी नापास पोराला कळतं, मला एमएस्सी होऊन कळलं नाही.

सामान आणायला स्वतः जा. यादी देतील त्यात पाऊण इंची एल्बो लिहिलेला असेल, आणल्यावर कळेल एक इंची पाहिजे होता. सिमेंटची 50 किलोची बॅग फोडून ठेवतील, वापरतील दोन घमेली, उरलेल्याचा दगड होईल. टाइल्स दोन बॉक्स कमी सांगतील आणि परत गेल्यावर दुकानदार सांगेल, तो माल बंद झाला. प्लास्टरला सात दिवस पाणी मारायचं कुणी? तुम्ही. पाणी कुठलं? परत तेच.

आमच्या आजोबांचं घर माळवदाचं होतं, म्हणजे वर मातीचं सपाट छत. मृगाच्या आधी माळवदावर पांढरी माती टाकायची, पसरायची, आणि पावसाळ्यात कुठं ठिबकलं की वर जाऊन तेवढी जागा पायानं दाबून यायची. मिस्त्री लागत नव्हता. पण त्याच मातीच्या वजनानं 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपात किल्लारीकडं काय झालं ते आमच्याकडच्या कुणाला सांगायला नको, त्यामुळं जुनं ते सोनं वगैरे मी म्हणणार नाही. स्लॅबच बरा. फक्त पांढऱ्या मातीला अॅडव्हान्स द्यावा लागत नव्हता एवढंच.

फोन कसा करावा: रोज करा, आवाजात साखर ठेवा. मिस्त्री फोनवर जे बोलतात त्याचा अर्थ पाठ करून ठेवा. "निघूलालो सर" म्हणजे झोपलेत. "गाडीवरच हाव" म्हणजे निघालेत, पण दुसरीकडं. "पोरगं पाठवूलालो" म्हणजे पोरगं पण दुसरीकडं. आणि "उद्या सकाळी नऊला पक्का" याला काहीच अर्थ नसतो, ते रामराम म्हणल्यासारखं आहे. 17 ला मी जरा चढ्या आवाजात बोललो तर म्हणाला, सर सासू सोलापूरला आयसीयूत हाय, माझं डोकं ठिकाणावर नाही. मी एकदम गार पडलो. मीच सॉरी म्हणलं. आईनं देवाजवळ दिवा लावला त्या बाईसाठी, खोटं सांगत नाही.

18 ला उद्यापनाच्या सवाष्णी आल्या, हातपाय धुवायला बादली अंगणात. त्याच रात्री येळवशीचा स्वैपाक. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, रात्रभर घरातल्या बाया झोपत नाहीत. तुरीचे दाणे, वालाचे दाणे, हरभऱ्याचा पाला, मेथी, कांद्याची पात, गाजरं, सगळं निवडून धुवून त्या भज्जीत, म्हणजे येळवशीच्या मिसळीच्या भाजीत, जायचं असतं. बाथरूमचा राडा किचनपर्यंत, सिंकचा पाइप त्याच लाइनीवर म्हणून तोपण बंद. आमची ही आणि आई रात्री अकराला अंगणातल्या नळापाशी गार पाण्यात मेथी धूत बसल्या होत्या, अंगावर शाल, तोंडातून वाफ. मी टॉर्च धरून उभा. कुणी काही बोललं नाही मला. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी औशाकडं मेहुण्याच्या शेतात गेलो. गावात चिटपाखरू नाही, सगळं लातूर रानात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, चुना लावलेले दगडाचे पाच पांडव, पूजा, ताकातली अंबील, सजगुऱ्याचे म्हणजे बाजरीचे उंडे, सगळं यथासांग. दुपारी लेकरांना बोरं पाडून द्यायला बांधाबांधानं चाललो होतो तर शेजारच्या कोपीतून हाक आली, "ओ सर! या की! अंबील घ्या!" आमचे मिस्त्री. पांढरा शर्ट, कपाळाला गंध, मांडीवर पोरगी. येळवशीला वाटेनं जाणाऱ्याला बोलवायचं असतं, ओळख नसली तरी, आणि बोलावलं की नाही म्हणायचं नसतं. बसलो. त्यांच्या सासूबाईंनी, त्याच, आयसीयूतल्या, मला स्वतःच्या हातानं उंडा फोडून त्याच्यावर भज्जी वाढली, वरून कच्च्या तेलाची धार. "घ्या की ओ, लाजूलालाव काय, शहरातली माणसं लई कमी जेवतात." तब्येत ठणठणीत. आवाज असा की पलीकडच्या बांधावरचे बैल कान टवकारतील. मी मिस्त्रीकडं बघितलं. त्यानं माझ्या ग्लासात अंबील ओतली आणि म्हणाला, "बऱ्या झाल्या, देवाची कृपा."

भज्जी उत्तम होती. आमच्या घरच्यापेक्षा काकणभर सरस, हे घरी सांगितलं नाही. तर सल्ला असा की तोंडात घास असताना भांडता येत नाही, म्हणून मिस्त्रीकडं जेवायला जाऊ नका. जा. नका जाऊ. मला आता हे गमतीगमतीत लिहायचा कंटाळा आला.

मिस्त्री, तुम्ही हे वाचणार नाही, पण तुमचा पोरगा दिवसभर मोबाईलवर असतो, तो वाचेल कदाचित. अरे बाबा, येळवस तुला आहे तशी मलापण आहे. तू आठ दिवस येळवशीचे मागितले असतेस तर मी एक शब्द बोललो असतो का? "सर, 20 नंतर फोडू, तोवर सण होऊ द्या," एवढं वाक्य तुला जड झालं का? सासूला आयसीयूत घालायची काय गरज होती? ज्या बाईनं तुला पोरगी दिली तिला तू एका बाथरूमसाठी मरणाच्या दारात नेऊन ठेवलीस. काम उशिरा होतं त्याचं काही नाही रे, कामं उशिराच होतात, आमच्या ऑफिसात तरी काय वेगळं चालतं. पण न सांगता माणसाला लटकवून ठेवायचं, रोज नऊ वाजता सगळं घर आवरून, चहाचं आधण ठेवून तुझी वाट बघायची, दहाला गॅस बंद करायचा, हे सतरा दिवस. माझी आई 72 वर्षांची आहे, गुडघ्याचं दुखणं आहे. ती रोज पहाटे अंधारात टॉवेल आणि बादली घेऊन शेजारच्यांच्या बाथरूमला जाते, कारण त्यांच्या घरची माणसं उठायच्या आधी आपलं उरकावं असं तिला वाटतं. त्या लोकांनी कधी तोंड वाकडं केलं नाही. तरी ती लाजते. आयुष्यभर कुणाच्या दारात पाण्यासाठी उभी राहिली नाही बाई, रेल्वे आली त्या उन्हाळ्यातपण नाही, आणि आता तू उभी केलीस तिला. आणि मी. चार हजार वाचवायला.

उद्या सोमवार, 29. येणार असशील तर ये, नसशील तर नाही म्हण, मी चिडणार नाही, दुसरं काहीतरी बघतो. पण आज रात्रीच कळव. सकाळी साडेपाचला ती बादली घेऊन निघते, त्याच्या आधी.