वर्डची फाईल हाय? मग तिचा फोटो करा की!

वर्डमधी टाइप केलेलं पत्र तसंच्या तसं वर्डमधीच पाठवायचं म्हणजे लई साधेपणा झाला राव, समोरच्यानं उघडलं, वाचलं अन वरून एखादी वेलांटी दुरुस्त करून दिली तर आपली काय इज्जत राहिली? म्हणून सांगतो, जेपीजी करा. ही विद्या मराठवाड्यात तहसीलसमोरच्या कोणत्याबी झेरॉक्सच्या दुकानात फुकट शिकायला भेटते.

वर्डमधून थेट जेपीजी सेव्ह होत नाही, ती सोय पॉवरपॉइंटात हाय, पण म्हणून आधी पीडीएफ अन मग इमेज असल्या भानगडीत पडू नका. प्रिंट स्क्रीन दाबा, पेंटमधी चिटकवा, झालं. खाली घड्याळ अन बाजूला अर्धा डाव पत्ते आले तर येऊ द्या. याच्यापेक्षा भारी म्हणजे प्रिंट काढा, शिक्का मारा, कागद मांडीवर ठेवा अन पंख्याखाली मोबाईलनं फोटो काढा, कागद फडफडला पाहिजे.

आता कोणी शहाणा म्हणेल ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, ठेवा. ए-४ चं पान मग २४८० बाय ३५०८ पिक्सेलचं होतं, न दाबता ठेवलं तर २६ एमबी, अन आतला मजकूर सगळा मिळून पाच-सहा केबीचा! नकोच. ९६ वर ठेवा, ७९४ बाय ११२३, अन मग व्हॉट्सअपला द्या, ते उरलंसुरलं दाबून टाकतं. जेपीजी मुळात फोटोसाठी केलेला प्रकार, चित्राचे ८ बाय ८ चे चौकोन पाडून बारकावे उडवतो, त्यामुळं अक्षराच्या कडंला धूळ बसल्यासारखं दिसतं, अनुस्वार जातो, रफार जातो, ९ चा १ होतो. पीएनजी म्हणून चित्राच्या फाईलचा दुसरा प्रकार हाय, त्यात अक्षर कोरल्यासारखं राहतं, म्हणून पीएनजीचं नाव काढायचं नाही.

एक मात्र खरं. कृतिदेवमधी टाइप केलेली फाईल, तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडली की इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते, फोटोत तसं होत नाही. युनिकोडमधी, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरला कळणाऱ्या अक्षरांत, टाइप केलं की हा घोळच मिटतो, पण हात बसलाय ना कृतिदेववर, आता कोण बदलतंय.

फायदा बघा. आमच्या गावच्या ग्रुपवर अतिवृष्टीच्या अनुदानाची यादी आली, ३८ फोटो, त्यातले चार आडवे. नीट पीडीएफ असती तर मामानं नाव टाकून दोन सेकंदात शोधलं असतं, मग दिवसभर करायचं काय? मामा लिंबाखाली बसला अन बोटानं मोठं करू करू बघूलाला. गल्लीतल्या एका पोराला दिसत नाही, त्याचा मोबाईल एरवी सगळं वाचून दाखवतो, या यादीला नुसतं ‘इमेज’ म्हणला अन गप बसला. गुप्तता म्हणतात ती हीच.

संध्याकाळी मामाला ३१ व्या फोटोत नाव सापडलं. पण गट नंबर १९ हाय का ११, काही केल्या कळंना. तसाच उठून दुकानात गेला.

“मूळ फाईल डिलीट झाली मामा,” पोरगं म्हणलं, “फोटोनं जागा भरली होती. तुम्ही वाचून दाखवा, मी परत टाइप करतो.”